गोळ्या चालू आहेत, समुपदेशनही चालू आहे, पण दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही

केतकी_वन

धाकट्या भावासाठी लिहितेय. वय २९, नाशिकला कारखान्यात नोकरी, एकटा राहतो. दिवाळीनंतर त्याची झोप पहाटे तीनला उडायला लागली, जेवणावरची वासना गेली, सुट्टीच्या दिवशी नुसता पंख्याकडे बघत पडून राहायचा. फोनवर "बरा आहे" म्हणायचा. जानेवारीत मी पुण्याहून न सांगता गेले. स्वयंपाकघरात ओट्यावर दुधाच्या सात पिशव्या होत्या, न उघडलेल्या, फुगलेल्या. रोज सकाळी दारातली पिशवी आत आणून ठेवायची, एवढंच त्याच्याच्याने होत होतं. त्याच संध्याकाळी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

त्यांनी नैराश्य आहे असं सांगून एस्सिटॅलोप्राम सुरू केलं, शिवाय सुरुवातीला रात्री झोपेसाठी क्लोनाझेपामची छोटी गोळी. पाचव्या आठवड्यात त्याचा आपणहून फोन आला, "ताई, आज मंडईत जाऊन भाजी आणली." मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून समुपदेशन सुरू केलं. पाच सत्रं झाली, त्याला तिथे जायला आवडतं. पण तिसऱ्या सत्रात समुपदेशक म्हणाले की गोळ्यांची सवय लागते, भावना दाबल्या जातात, त्या सुटल्या तरच खरं काम होईल. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, समुपदेशन करायचं तर करा, नाही केलंत तरी चालेल, गोळी चुकवू नका. दोघांनी एकमेकांना एकदाही फोन केलेला नाही. भाऊ मला विचारतो, "मी कोणाचं ऐकू?"

दोन्ही उपचार बरोबरीने घेतलेल्यांनी कृपया लिहा. कशाने काय फरक पडला? आणि या दोघांना एकमेकांशी बोलतं कसं करायचं? आईचं तिसरंच, ती म्हणते लग्न करून द्या, मार्गी लागेल.

सह्यकडा

सविस्तर नंतर लिहितो. आधी एक: कोणी काहीही म्हणो, गोळी एकदम बंद करू देऊ नका. मी केली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, चक्कर, चिडचिड, रडू. मला वाटलं आजार उलटला. डॉक्टरांनी सांगितलं की हा गोळी झटक्यात सोडल्याचा त्रास आहे. मग पायरीपायरीने डोस कमी केला, तेव्हा काही झालं नाही.

पिंपळपार

माझं स्पष्ट मत. २९ वर्षांच्या मुलाला गोळ्यांवर ठेवू नका. पहाटे उठवा, सूर्यनमस्कार, प्राणायाम, माणसांत मिसळायला लावा. एकटा राहतो हेच मूळ आहे. घरी आणा. माझी ७१ वर्षं झाली, आयुष्यात दुःख कोणाला चुकलंय?

मोगरा_दारी

पिंपळपार काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण जो मुलगा दुधाची पिशवी कापू शकत नव्हता त्याला सूर्यनमस्कार कोण घालायला लावणार? दुःख आणि हे, यांत फरक आहे. दुःखात माणूस रडतो, कोणी आलं की बोलतो. माझ्या जावेला रडूही येत नव्हतं.

आणि केतकी, लग्नाचं आईंना आत्ताच ठामपणे नाही सांग. येणाऱ्या मुलीला काही न सांगता करणार असाल तर तो तिच्यावर अन्याय, आणि हा सावरायच्या आत त्याच्यावर आणखी एक ओझं.

चाफेकळी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं काम करते. आधी हे सांगते की गोळी सुरू करणं, बदलणं, थांबवणं हा आमचा अधिकार नाही. शंका असेल तर आम्ही डॉक्टरांना कळवायचं. पेशंटला परस्पर सांगायचं नाही.

दोन्ही लागतात का, याला मी घरच्यांना असं सांगते: विहिरीला पाणीच नसेल तर रहाट ओढून काय उपयोग? ज्याला रात्री दोन तास झोप आहे, एक वाक्य चार वेळा वाचावं लागतंय, त्याच्याशी मी विचारांवर काय काम करणार? औषधाने झोप, भूक, एकाग्रता जागेवर यायला लागली की माझं काम सुरू होतं. पण नुसतं पाणी आलं म्हणून शेत भिजत नाही. 'माझ्या हातून एक चूक झाली म्हणजे मी कुचकामी' ही भाषा त्याच्या डोक्यात आजाराच्या आधीपासून असते, गोळी तिला हात लावत नाही. अ‍ॅल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा हाच, की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला अट्टहासी विचार जास्त छळतो. ॲरन बेक यांची पद्धतही त्याच कुळातली. हे शिकलेलं औषध थांबल्यावरही माणसाजवळ राहतं. आजार उलटण्याचं प्रमाण त्यामुळे कमी होतं, हा माझा अनुभव आहे आणि संशोधनही तेच सांगतं.

त्या समुपदेशकांचं शिक्षण विचारून घ्या. विचारण्यात काही गैर नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा शब्द मात्र आपल्याकडे कोणीही पाटीवर लिहितो.

आकडेमोड

संशोधनाचा विषय निघालाच आहे. २००४ साली अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवर चाचणी झाली. १२ आठवड्यांनी सुधारलेल्यांचं प्रमाण: फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी आणि थेरपी म्हणजे बोलण्याचा उपचार, दोन्ही घेणारे ७१ टक्के, फक्त गोळी ६१, फक्त थेरपी ४३, नुसती दिखाऊ (औषध नसलेली) गोळी ३५. चिंतेचे विकार असलेल्या ४८८ मुलांवर २००८ मध्ये तशीच चाचणी झाली, त्यात दोन्ही ८१, फक्त थेरपी ६०, फक्त सर्ट्रालिन ५५, दिखाऊ गोळी २४. मोठ्यांमधल्या जुनाट नैराश्यावर २००० साली ६८१ जणांची चाचणी झाली होती. तिथे दोन्ही एकत्र ७३ टक्के, कुठलंही एकच घेतलं तर ४८.

पण सगळीकडे असंच होतं असं नाही. पॅनिक अटॅकवर २००० सालचीच एक मोठी चाचणी आहे. तिच्यात उपचार थांबवल्यावर, ज्यांनी गोळीशिवाय थेरपी घेतली होती ते गोळी आणि थेरपी एकत्र घेतलेल्यांपेक्षा जास्त टिकले. म्हणून 'दोन्ही घ्या' हे डोळे मिटून म्हणता येत नाही, आजार कोणता ते बघावं लागतं.

पिंपळपार

ही सगळी परदेशी मुलं. आपल्या मातीतलं काही सांगा.

गोंयचो_झरो

काका, आमच्या गोव्यातलं सांगतो. संगत नावाची संस्था इथे १९९६ पासून आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत मानस नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. गावातल्याच साध्या, शिकलेल्या बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रात बसवलं. त्या पेशंटला समजावून सांगायच्या, पुढे फोन करायच्या, गरज असेल तर बोलण्याचा उपचार करायच्या. गोळी केंद्रातला डॉक्टर द्यायचा. मानसोपचारतज्ज्ञ गरज पडेल तेव्हा येऊन मार्गदर्शन करायचा. सगळ्यांना सगळं द्यायचं नाही, एका पायरीवर भागलं नाही तरच पुढची. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला फायदा दिसला. खासगीत वेगळा फरक दिसला नाही, बहुधा तिथे डॉक्टर आधीपासूनच वेळ देत होते म्हणून.

मला यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं की कोणीतरी एक माणूस दोन्ही बाजू धरून बसलेला होता. केतकीताईंच्या भावाला नेमका तोच नाहीये. सध्या ते काम त्या स्वतः करताहेत.

केतकी_वन

झरो, तुमचं शेवटचं वाक्य वाचून गळा दाटून आला. खरंच तसंच चाललंय.

रेघोटी

आमच्याकडे नैराश्य नाही, ओसीडी होता, म्हणजे तोच विचार छळत राहतो आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते तो आजार. बायकोला. लिहू का नको करत होतो, पण कोणाला तरी उपयोग होईल.

ती बाहेरून आली की आधी नळ धुवायची, मग हात, मग ज्या हाताने नळ बंद केला तो हात. साबणाची वडी चार दिवसांत संपायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, भाकरीच्या पिठात मीठ लागलं की चरचरायचं म्हणून पीठ मी मळायचो. मला दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारायची, "झालं ना स्वच्छ?" मी म्हणायचो "हो, झालं." मला वाटायचं मी आधार देतोय.

आधी नुसती थेरपी करून बघितली. घाणीला मुद्दाम हात लावायचा आणि धुवायचं नाही, असा तो उपचार असतो. दुसऱ्या सत्रातून ती उठून पळाली. मग डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू करून हळूहळू वाढवलं. ओसीडीला डोस जास्त आणि वेळही जास्त लागतो, दोन-तीन महिने. भीतीचा आवाज जरा खाली आल्यावर थेरपिस्ट मॅडमनी पुन्हा तोच उपचार घेतला. चपलांच्या रॅकला बोट लावायचं आणि १० मिनिटं थांबायचं. मग २०. मग त्याच हाताने कोथिंबीर निवडायची. आणि मला सांगितलं की "झालं" म्हणायचं नाही, तिने विचारलं की "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. तो माझा सगळ्यात कठीण महिना होता. समोर ती थरथरतेय आणि मी तोंड मिटून बसलोय.

डॉक्टर आणि मॅडम एकाच दवाखान्यात बसायचे, महिन्यातून एकदा आम्हा दोघांना समोर बसवून बोलायचे. त्यांनी डोस वाढवला तेव्हा मॅडमना माहीत होतं, मॅडमनी पायरी वाढवली तेव्हा त्यांना माहीत होतं. तसं नसतं तर आम्ही मधेच सोडलं असतं.

मोगरा_दारी

रेघोटी, मनापासून लिहिलंत. वहिनींचे हात आता कसे आहेत?

रेघोटी

बरे आहेत. काल थालीपीठं थापली तिने. दोन खरपूस झाली ती माझ्या वाट्याला आली, आणि मी ती आनंदाने खाल्ली.

उन्हाची_तिरीप

थोडं उलट बाजूने लिहिते. समुपदेशकांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नाही. मी दीड वर्ष गोळी घेतली. दुःख गेलं, पण त्याबरोबर बाकीचंही गेलं. भाचीच्या बारशाला सगळे रडत-हसत होते आणि मी काचेपलीकडून बघावं तशी बघत होते. नवऱ्याजवळ जावंसं वाटेनासं झालं, ते तर बोलणार कोणाकडे? डॉक्टरांना कसंबसं सांगितलं तर "होईल कमी" एवढंच उत्तर मिळालं.

माझ्या थेरपिस्टने मला गोळी सोडायला सांगितलं नाही. तिने माझ्याकडून हे सगळं कागदावर लिहून घेतलं, कधीपासून, किती, कशात, आणि म्हणाली हा कागद डॉक्टरांच्या हातात दे, तोंडी सांगू नकोस. लिहिलेलं त्यांनी वाचलं. डोस कमी केला, मग औषध बदललं. दोन महिन्यांनी मी एका जाहिरातीवर रडले आणि रडताना मला फार बरं वाटलं. तेव्हा 'गोळीने भावना दाबल्या जातात' ही तक्रार खरी असू शकते. तिचा उपाय गोळी सोडणं हाच असतो असं नाही.

वऱ्हाड_वारा

तुम्ही सगळे शहरातले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याला थेरपिस्ट नाहीच. वडिलांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचो, एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडायचा, वडील तिथे चार मिनिटं. गोळ्या फुकट मिळायच्या, ते चांगलं. पण बोंडअळीने कापूस गेला, कर्ज डोक्यावर, बँकेची नोटीस आली त्याचं काय, हे कोणी विचारायचं? गोळीने कर्ज फिटत नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून ते गोळीच घेत नव्हते.

आमच्या गावच्या आशाताई दर आठवड्याला येऊन बसायला लागल्या. चहा घ्यायच्या, गोळीचं पाकीट बघायच्या, नोटिशीचा कागद वाचून कोणत्या साहेबाला भेटायचं ते सांगायच्या. वडील गोळ्या घ्यायला लागले ते त्यांच्यामुळे. पुस्तकात याला थेरपी म्हणतात की नाही माहीत नाही.

चाफेकळी

म्हणतात. आणि ती नोटीस वाचणं हाही उपचारच होता.

ज्यांच्या जवळपास कोणीच नाही त्यांनी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झालाय असं कोणी म्हणत असेल तर त्याला एकटं ठेवू नका आणि उद्यावर ढकलू नका.

सह्यकडा

अवांतर: विम्याचं कोणाला माहीत आहे का? माझी एका सत्राची फी १२०० रुपये होती, महिन्यात चार.

आकडेमोड

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिस्या मुळात दवाखान्यात भरती झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे आठवड्याच्या सत्रांचे पैसे खिशातूनच जातात. ओपीडीचं कलम असलेली पॉलिसी असेल तर विचारून बघा. याच कायद्यात उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आहे, त्यामुळे दोन तज्ज्ञांनी बोलावं असं वाटत असेल तर भावाची लेखी परवानगी द्या.

स्टेथो

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. उशिरा आलो.

सकाळच्या ओपीडीत ५०-६० पेशंट असतात. 'नाही केलंत तरी चालेल' असं वाक्य थकलेल्या दुपारी माझ्याही तोंडून गेलं असेल. ते चुकीचं आहे. त्याचा अर्थ घरचे असा घेतात की डॉक्टरांच्या लेखी बोलण्याला किंमत नाही.

केतकीताई, तुमच्या भावाच्या बाबतीत ढोबळ हिशोब असा असतो. या गटातल्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. नैराश्याची पहिलीच वेळ असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने तीच गोळी चालू ठेवायची आणि मग हळूहळू उतरवायची. बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोडली की आजार उलटतो, हे मी फार बघतो. २५ वर्षांखालच्या मुलांवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात. तुमचा भाऊ त्या वयात नाही, तरी नव्याने अस्वस्थपणा दिसला तर कळवायचं.

सौम्य नैराश्यात मी थेरपीनेच सुरुवात करतो. मध्यम-तीव्र असेल तर दोन्ही. बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) असेल तर औषध हा पाया, आणि थेरपी, घरच्यांना शिकवणं, काम-धंदा हे त्यावरचं घर.

आता मुद्द्याचं. एस्सिटॅलोप्रामची व्यसनासारखी सवय लागत नाही. क्लोनाझेपामची लागते. ती थोड्या आठवड्यांपुरती असते. ती रात्रीची गोळी अजून चालू आहे का, एवढं मला बघून सांगा.

केतकी_वन

आत्ता फोन केला त्याला. चालू आहे! चौथा महिना. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देतो म्हणाला. चिठ्ठीवर '१५ दिवस' लिहिलंय, मी फोटो मागवून बघितला. त्याला वाटलं दोन्ही गोळ्या एकाच कोर्सच्या आहेत.

स्टेथो

घाबरू नका, आणि आज रात्री एकदम बंदही करू नका, तीही पायरीपायरीने उतरवायची असते. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. एक पानी कागद न्या: सध्या नेमकं काय काय घेतो, समुपदेशनात कशावर काम चालू आहे, समुपदेशकांची शंका त्यांच्याच शब्दांत, आणि तुमचा प्रश्न. खाली भावाची सही, की तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोललात तर माझी हरकत नाही. तसाच कागद समुपदेशकांनाही. कागद समोर असला की दोन मिनिटांतही काम होतं, हे मी टेबलाच्या अलीकडून सांगतो.

चंद्रभागा

स्टेथोंशी सहमत. माझे बाबा बायपोलर, २२ वर्षं लिथियमवर. रक्तातलं लिथियम, थायरॉइड, किडनी, सगळ्याच्या तपासण्या ठरल्या वेळी करतो, उन्हाळ्यात पाणी कमी पिऊ देत नाही. पण आम्हाला वाचवलं ते एका दोनशे पानी वहीने. झोप किती तास, खर्च किती, आवाज चढला का, एवढंच आई रोज लिहायची. झोप चार तासांवर आली की तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात आईला अशाच बाकीच्या बायका भेटल्या. तोवर तिला वाटायचं, हे फक्त आपल्याच घरात आहे.

पिंपळपार

सगळं वाचलं. व्यायामाबद्दलचं मत मी बदलणार नाही. पण झटक्यात सोडू नये हे समजलं. तो दुकानदार १५ दिवसांच्या चिठ्ठीवर चार महिने गोळ्या देतो, हे मला सगळ्यात वाईट वाटलं.

चाफेकळी

काका, व्यायामाचं मत बदलूच नका. रोजचं चालणं मीही लिहून देते.

केतकी_वन

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांची आभारी आहे.

कागद केला. डॉक्टरांनी वाचला, क्लोनाझेपामपाशी थांबले, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हे मी मागच्या दोन्ही वेळी विचारायला हवं होतं." ती गोळी आता अर्धी करत करत उतरवताहेत. पहिले चार दिवस झोप मोडली, आता बरी आहे. कागदाच्या मागे त्यांनी समुपदेशकांसाठी पाच ओळी लिहिल्या.

समुपदेशकांनी त्या वाचल्या आणि बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या जवळच्या नात्यात एकाचं झोपेच्या गोळ्यांमुळे फार वाईट झालं होतं. भाऊ तिसऱ्या सत्रात त्यांना म्हणाला होता, "रात्रीची गोळी नसली तर मला जमत नाही." ते ऐकून त्यांनी 'गोळ्या सोड' म्हटलं, आणि भावाने ते दोन्ही गोळ्यांबद्दल धरलं. त्यांची शंका बरोबर होती, गोळी वेगळी होती. त्यांनी माफी मागितली, डॉक्टरांना फोनही केला. एस्सिटॅलोप्राम डिसेंबरपर्यंत तरी चालू राहील.

आईला दोन्हीकडे एकेकदा घेऊन गेले. लग्नाचं बोलणं थांबलेलं नाही, पण 'यंदा नको' वर आलंय.

उन्हाची_तिरीप

केतकी, तो कागद नावं काढून इथे टाकता येईल का? माझ्या मावशीला हवाय.

केतकी_वन

त्याला विचारलं. हो म्हणाला, पण आधीचा नको, तो माझ्या अक्षरातला आहे. १४ तारखेची भेट आहे, त्यासाठी तो स्वतः लिहितोय. लिहून झाला की तोच टाकते.